स्प्रेच्या डब्याने घरी गाडी रंगवावी का? : वाचकांचे प्रश्न

दिवाळीनंतर हवा कोरडी होऊ लागली की या सदराकडे गाडीच्या रंगाविषयीची पत्रे वाढतात. या वेळी ती इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवून संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे न देता केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे २०१० सालची पांढरी, छोटी हॅचबॅक गाडी आहे. इंजिन उत्तम आहे आणि पंधरा वर्षे पूर्ण झाल्यामुळे नुकतीच पुनर्नोंदणीही करून घेतली आहे. म्हणजे आणखी पाच वर्षे तरी ती विकायची नाही. मात्र छत आणि बॉनेट निस्तेज झाले आहेत, एका बाजूच्या दोन्ही दरवाजांवर ओरखडे आहेत. गॅरेजमध्ये पूर्ण रंगकामाचा जो आकडा सांगितला, तो गाडीच्या आजच्या किमतीच्या मानाने फारच मोठा आहे. दुकानात मिळणारे स्प्रेचे डबे आणून मी स्वतःच संपूर्ण गाडी रंगवली तर चालेल का? किती डबे लागतील? — सातारा

उत्तर : डब्यांचा हिशेब आधी मांडू, कारण बहुतेकांचा अंदाज तिथेच चुकतो. ४०० मिलिलिटरच्या एका डब्यात, खालचा रंग पूर्ण झाकला जाईल अशा बेताने, साधारण एक चौरस मीटर किंवा त्याहून थोडा अधिक पत्रा रंगवून होतो. काचा वगळल्या तरी छोट्या हॅचबॅकचा बाहेरचा पत्रा आणि बंपर मिळून सात-आठ चौरस मीटरच्या घरात जातात. म्हणजे रंगाचे आठ ते दहा डबे, वरच्या क्लिअर कोटचे (रंगावरच्या पारदर्शक, चकचकीत थराचे) तेवढेच, आणि अस्तर सगळीकडे द्यायचे ठरवले तर प्रायमरचे पाच-सहा. एक डबा साडेतीनशे रुपयांना धरला तरी नुसत्या डब्यांचेच सात ते नऊ हजार रुपये होतात. त्यावर पॉलिश पेपर, लांबी (खड्डे भरायची पुट्टी), टेप, थिनर आणि मुख्य म्हणजे चांगला मास्क यांचा खर्च वेगळा. एवढे करून जो रंग चढतो तो केवळ द्रावक उडून वाळणारा असतो. गॅरेजमधला पीयू (पॉलियुरेथेन) रंग हार्डनरशी, म्हणजे त्यात मिसळलेल्या घट्ट करणाऱ्या रसायनाशी, संयोग होऊन घट्ट बनतो आणि कारखान्यातला रंग भट्टीत भाजलेला असतो; त्या दोहोंइतका टणकपणा साध्या डब्यातल्या रंगाला येत नाही. म्हणून संपूर्ण गाडी डब्यांनी रंगवण्याचा सल्ला मी तुम्हाला देणार नाही. एखादा दरवाजा, मडगार्ड, आरशाचे कव्हर किंवा बंपरचा कोपरा यांसाठी मात्र हा मार्ग खरोखर चांगला आहे, आणि नीट केला तर पैसे वाचतात.

एक रुपयाही रंगावर खर्च करण्यापूर्वी छत आणि बॉनेट खरोखर रंगवण्याची गरज आहे का, हे तपासा. त्या काळातल्या अनेक पांढऱ्या गाड्यांवर वेगळा क्लिअर कोट नसे. गाडी धुऊन कोरडी करा, गडद रंगाच्या सुती फडक्यावर थोडे रबिंग कंपाउंड (रंगाचा मेलेला थर घासून काढणारी पेस्ट) घ्या आणि बॉनेटचा वीतभर भाग हलक्या हाताने घासा. फडक्यावर पांढरा रंग उतरला आणि घासलेला भाग उजळ दिसू लागला, तर तुमचा रंग जिवंत आहे. उन्हाने त्याचा अगदी वरचा थर तेवढा मेला आहे. अशा वेळी कंपाउंड, नंतर पॉलिश आणि शेवटी वॅक्स एवढ्यावर छत आणि बॉनेट पाच वर्षे सहज निघतील. कडांवर आणि बॉनेटच्या उभार रेषांवर मात्र जोर लावू नका, तिथे रंगाचा थर सर्वांत पातळ असतो. कारखान्यातून आलेल्या सर्व थरांची मिळून जाडी साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम सातवा-दहावा भाग असते, हे घासताना सतत लक्षात असू द्यावे. याउलट फडक्यावर काहीच रंग आला नाही आणि छतावर पापुद्रे सुटलेले दिसले, तर वरचा क्लिअर कोट उखडतो आहे असे समजावे. त्यावर पॉलिशचा उपयोग नाही आणि सुटलेल्या पापुद्र्यांवरून नवा रंग मारणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

दरवाजांचे काम स्वतः करा. त्यातले खरे काम रंगाच्या आधीचे आहे, आणि मला या उत्तरात सर्वांत जास्त आग्रहाने सांगायचे आहे ते हेच. दरवाजा आधी भांड्यांच्या साबणाने धुवा, वाळल्यावर ग्रीस काढणाऱ्या द्रावकाने पुसा, आणि मगच घासायला घ्या. हा क्रम उलटा झाला तर वरचा तेलकटपणा आणि डॅशबोर्ड वा टायर पॉलिशमधले सिलिकॉन ओरखड्यांत घासले जाते, आणि पुढे ओल्या रंगात जागोजागी बारीक गोल खड्डे पडतात. पेंटर त्यांना ‘फिश आय’ म्हणतात. एकदा ते पडले की सगळे वाळवून, घासून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

ओरखडा खोल असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचा रंग ३२० नंबरच्या पेपरने हळूहळू उतरता करत न्यावा. हे बरोबर चालले आहे की नाही ते डोळ्यांना दिसते : मध्यभागी चकाकणारा पत्रा, त्याभोवती कारखान्यातल्या पहिल्या अस्तराची गडद कडा, मग करड्या प्रायमरचे वळे, मग पांढरा रंग. ही वळी जितकी रुंद, तितका उतार सौम्य. ती नुसत्या रेषेसारखी बारीक राहिली असतील तर नव्या रंगाखालून पायरी दिसणारच. खड्डा असल्यास लांबी भरा. हार्डनर घालून वापरायची पॉलिएस्टर लांबी असेल तर हार्डनरचे प्रमाण वजनाच्या सुमारे दोन टक्के ठेवा. लवकर वाळावी म्हणून जास्त हार्डनर घातला तर त्याचा डाग पुढे रंगातून वर येऊ शकतो. लांबी पाणी शोषते, म्हणून ती कोरडीच घासावी.

यानंतर प्रायमरचे दोन-तीन हात द्यावेत, आणि तो वाळल्यावर एक युक्ती अवश्य करावी. स्वस्तातला काळा स्प्रे फूटभर अंतरावरून अगदी विरळ, धुक्याइतका, प्रायमरवर उडवा. मग रबरी किंवा लाकडी ठोकळ्याभोवती ६०० नंबरचा वॉटर पेपर गुंडाळून पाण्याखाली, म्हणजे सतत पाणी सोडत, घासायला लागा. उंचवट्यांवरचे काळे ठिपके आधी निघून जातील आणि खोलगट जागी ते तसेच राहतील. जिथे काळे उरले तिथे दरवाजा अजून सपाट नाही, आणि ही गोष्ट उघड्या करड्या प्रायमरवर डोळ्यांना कधीच दिसली नसती. ठोकळ्याऐवजी नुसत्या बोटांनी घासले तर बोटांच्याच खाचा पडतात. सगळे काळे निघेपर्यंत घासा. मध्येच पत्रा उघडा पडला तर तिथे पुन्हा प्रायमर द्या.

रंग मारण्याचा भाग याच्या मानाने थोडक्यात आटोपतो. झाकण्यासाठी वर्तमानपत्र वापरू नका, थिनर त्यातून झिरपतो. खाकी कागद घ्या. डबा आतली गोळी सुटल्यानंतर दोन मिनिटे हलवा. हवा गार असेल तर डबा काही वेळ कोमट पाण्यात ठेवा, परंतु गरम पाण्यात किंवा शेगडीजवळ कधीही नाही. डबा पत्र्यापासून वीतभर अंतरावर, पत्र्याला समांतर फिरवा; मनगट वळवून अर्धवर्तुळात फिरवू नका. फवारा दरवाजाच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढू द्या. पहिला हात इतका विरळ असावा की खालचा प्रायमर दिसत राहील. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. एका हातात झाकण्याच्या घाईने ओघळ येतात आणि फार लांबून मारले तर रंग हवेतच अर्धवट वाळून पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत होतो. क्लिअर कोटचे दोन-तीन हात याच रीतीने द्यावेत. मात्र दोन थरांमध्ये किती वेळ जाऊ द्यायचा हे डब्यावर छापलेले असते आणि ते पाळावेच लागते, कारण काही रंग अर्धवट वाळलेले असताना त्यांवर पुढचा हात दिला की सुरकुततात. आठवड्यानंतर १५०० आणि २००० नंबरच्या पेपरने पाण्याखाली हलके घासून कंपाउंड मारावे. वॅक्स महिनाभर तरी लावू नये.

सातारच्या हवेत नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य आहे. सकाळचे दव पूर्ण वाळल्यावर काम सुरू करावे आणि ऊन उतरण्यापूर्वी संपवावे. पत्रा थेट उन्हात तापलेला नसावा. त्यावर तळहात ठेववत नसेल तर रंग पसरण्यापूर्वीच वाळतो. पहिला प्रयोग स्वतःच्या गाडीवर करण्याऐवजी भंगारवाल्याकडून जुना मडगार्ड आणून त्यावर करावा, असे मी प्रत्येकाला सांगतो.

आणि छत, बॉनेट रंगवावेच लागले, तर आणखी एक मार्ग आहे, ज्याचा विचार फार थोडे लोक करतात. गावातल्या एखाद्या चांगल्या पेंटरला विचारा की घासणे, लांबी, प्रायमर आणि टेपिंग हे सगळे मी करून आणतो, तुम्ही फक्त गनने पीयू रंग मारून द्याल का. गॅरेजच्या बिलात मजुरीचा मोठा हिस्सा या तयारीचाच असतो. सगळे पेंटर तयार होत नाहीत, कारण खालचे काम वाईट असले तर नाव त्यांचे जाते. परंतु जो तयार होईल तो आधी तुमचे काम बोट फिरवून पाहील, आणि त्याने काढलेल्या चुकांतून तुम्हाला पुष्कळ शिकता येईल.

प्रश्न : माझ्या चंदेरी रंगाच्या गाडीचा मागचा बंपर घासला गेला होता. त्याच रंगाचे नाव असलेला स्प्रे आणून मारला, पण बंपर गाडीपेक्षा स्पष्टपणे गडद दिसतो आणि चार महिन्यांत कोपऱ्यावरून रंगाची सालपटे निघू लागली आहेत. डबाच बनावट असेल का? — ठाणे

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दोन्हींसाठी डब्याला दोष देण्याचे कारण दिसत नाही.

चंदेरी रंगात ॲल्युमिनियमचे अतिसूक्ष्म पत्रे असतात आणि रंगाची छटा ते कसे बसले आहेत यावर ठरते. जवळून, जाड आणि ओला फवारा मारला की ते रंगात बुडतात, आडवेतिडवे होतात आणि रंग गडद दिसतो. थोडे लांबून, विरळ हात दिले की ते वर सपाट बसतात आणि रंग उजळतो. त्यामुळे एकाच डब्यातून दोन माणसांनी दोन वेगळ्या छटा काढणे सहज शक्य आहे. त्यातच गाडीचा मूळ रंग काही वर्षांत उन्हाने बदललेला असतो. रंगाच्या नावावर विसंबण्यापेक्षा कोड पाहावा. तो बॉनेटखालच्या किंवा दरवाजाच्या चौकटीजवळच्या पट्टीवर असतो. कोड जुळला तरी कार्डाच्या तुकड्यावर दोन-तीन हात आणि क्लिअर मारून तो वाळल्यावर गाडीशेजारी धरून पाहावा, तोही सावलीत आणि उन्हात दोन्हीकडे. चंदेरी रंगाचा क्लिअर न दिलेला तुकडा आणि क्लिअर दिलेला तुकडा यांत फरक दिसतो, म्हणून ही पायरी टाळू नये. बंपर हा पत्र्यापासून वेगळा, कडेने सुटा असलेला भाग आहे, त्यामुळे थोडा फरक खपून जातो. दरवाजाच्या मधोमध चंदेरी ठिगळ मात्र घरी जुळवायला जाऊ नये. जाणकार पेंटरसुद्धा तिथे शेजारच्या भागावर रंग विरळ करत नेतात आणि क्लिअर पूर्ण दरवाजावर मारतात.

सालपटे निघण्याचे कारण प्लॅस्टिक. बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीनवर आधारलेल्या प्लॅस्टिकचे असतात आणि त्यावर साधा प्रायमर धरत नाही. जिथे घासून प्लॅस्टिक उघडे पडले होते, तिथे प्लॅस्टिकसाठीचा, चिकटपणा वाढवणारा विशेष प्रायमर आधी द्यायला हवा होता. आता सुटलेला सगळा रंग काढून, कडा उतरत्या करून, तो प्रायमर देऊनच पुन्हा सुरुवात करावी लागेल. सालपटांच्या कडेला पक्का दिसणारा रंगही टेप घट्ट चिकटवून आणि झटक्यात ओढून पाहा. टेपबरोबर तो निघाला तर त्याची पकड गेलेली आहे.

प्रश्न : आमचे घर समुद्रापासून जवळ आहे. गाडीच्या दरवाजांच्या खालच्या कडेला गंजाचे फुगे आले आहेत. गेल्या वर्षी ते घासून, रेड ऑक्साइड लावून वरून स्प्रे मारला होता, पण पावसाळ्यानंतर ते पुन्हा त्याच जागी आले. यावर कायमचा उपाय काय? — मालवण

उत्तर : दरवाजाच्या खालच्या कडेचा गंज जवळजवळ नेहमी आतून बाहेर येतो. काचेच्या रबरी पट्टीतून पावसाचे पाणी दरवाजात उतरते, हे प्रत्येक गाडीत होते, आणि ते बाहेर जाण्यासाठी दरवाजाच्या तळाशी लहान भोके ठेवलेली असतात. ती माती, पाने आणि जुन्या मेणाने बुजली की पाणी आत साचते. तुमच्याकडे त्यात खारी हवा मिसळते. तुम्ही बाहेरून कितीही चांगला रंग दिलात तरी आतून पत्रा खात जाणारच.

म्हणून दरवाजा उघडून खालची भोके आधी शोधा आणि बोथट तारेने मोकळी करा. आतले पॅनेल काढता येत असेल तर आत साचलेला गाळ धुऊन काढा आणि दरवाजा आठवडाभर कोरडा होऊ द्या. मग बाहेरचा फुगा टोकदार वस्तूने दाबून पाहा. आरपार गेली तर तिथे पत्रा उरलेलाच नाही आणि लांबी भरून ते झाकणे म्हणजे गंजाला ओलावा धरणारे घर करून देणे होय; तेवढा भाग कापून नवा पत्रा जोडून घ्यावा लागेल, आणि ते वेल्डिंगचे काम गॅरेजचे आहे. पत्रा शाबूत असेल तर तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पेपरने चकाकणारा पत्रा दिसेपर्यंत घासा. खाचांत उरलेल्या काळ्या ठिपक्यांसाठी फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लावर आधारित गंजरोधक द्रव लावा आणि बाटलीवरील सूचनेप्रमाणे तो वाळू द्या वा धुवा. त्यावर रेड ऑक्साइडऐवजी दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर द्यावा. साधा प्रायमर ओलावा आत जाऊ देतो, इपॉक्सी त्याला पुष्कळ अंशी अडवतो. रंग झाल्यानंतर दरवाजाच्या आत, तळाच्या शिवणीत, पोकळीसाठी मिळणारे मेण फवारावे. भोके मात्र उघडीच राहिली पाहिजेत. कायमचा उपाय म्हणाल तर किनाऱ्यावर तसा नाहीच. दर पावसाळ्यापूर्वी आणि नंतर भोके तपासणे आणि गाडी खालून गोड्या पाण्याने धुणे, एवढे केले तर दरवाजा अनेक वर्षे टिकतो.

प्रश्न : माझा मुलगा सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमध्ये त्याची जुनी गाडी स्प्रेने रंगवण्याच्या तयारीत आहे. त्याने साधा कापडी मास्क आणला आहे, आणि ‘गॅरेजइतका टिकतो’ म्हणून हार्डनरवाला क्लिअर कोटही मागवला आहे. मला काळजी वाटते. माझी काळजी अनाठायी आहे का? — पुणे

उत्तर : मुळीच अनाठायी नाही. कृपया हे उत्तर मुलाला आज दाखवा.

पहिली गोष्ट जागेची. डब्यातला रंग बाहेर ढकलणारा वायू बहुधा ज्वलनशील असतो, आणि रंगातले द्रावकही तसेच. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे तळघरात ती खाली साचते, सहजासहजी बाहेर जात नाही. तिथे पाण्याच्या पंपाचे बटण, विजेची पेटी, कोणाची तरी सिगारेट, यांपैकी एक ठिणगी पुरेशी आहे. शिवाय हवेत उडालेला रंग चार गाड्या पलीकडे जाऊन बसतो आणि शेजाऱ्यांच्या बॉनेटवर खरखरीत थर तयार होतो. तळघरात हे काम करूच नये. उघड्या जागेत, वारा मंद असताना आणि आसपास गाड्या नसताना करावे. रिकामे डबे जाळू नयेत किंवा फोडू नयेत, आणि भरलेले डबे उन्हातल्या गाडीत ठेवू नयेत.

दुसरी गोष्ट श्वासाची. कापडी मास्क रंगाचे थोडेफार कण अडवील, पण द्रावकाची वाफ तो अजिबात अडवत नाही. एन-९५ मास्कही वाफ अडवत नाही. साध्या डब्यांसाठी सक्रिय कार्बनचे, सेंद्रिय वाफेसाठीचे कॅनिस्टर आणि त्यावर कण अडवणारे फिल्टर असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा रबरी मास्क हवा. दाढी असेल तर तो घट्ट बसत नाही. डोळ्यांना बंद चष्मा आणि हातांत नायट्राइलचे मोजे असावेत.

तिसरी आणि सर्वांत गंभीर गोष्ट त्या हार्डनरची. अशा डब्याच्या तळाशी एक कळ असते. ती दाबली की आत हार्डनर मिसळतो आणि मग डबा एक-दोन दिवसांतच वापरावा लागतो. तो हार्डनर आयसोसायनेट या वर्गातला असतो, आणि त्याच्यामुळेच क्लिअर कोट पेट्रोल सांडले तरी विरघळत नाही इतका टणक होतो. परंतु आयसोसायनेटचे तुषार श्वासात गेले तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की पुढे अत्यल्प प्रमाणातही झटका येतो. रंगकामगारांमध्ये हा व्यवसायजन्य दमा जगभर नोंदलेला आहे. घातक प्रमाण होईपर्यंत त्याचा वास नीट येत नाही, म्हणजे मास्कचे कॅनिस्टर निकामी झाले तरी नाक सावध करत नाही. याच कारणाने रंगाच्या कारखान्यांत आणि चांगल्या गॅरेजांत हे काम बाहेरून नळीने शुद्ध हवा पुरवणारा मास्क घालून केले जाते. तो मास्क घरी असण्याची शक्यता नाही. तुमच्या मुलाने तो डबा न उघडता परत करावा आणि तेवढा क्लिअर कोट गॅरेजमध्ये मारून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. घरात कोणाला आधीच दमा असेल तर साध्या डब्यांचे कामही घरापासून दूर व्हावे.

गाडी खूप जुनी असेल तर आणखी एक खबरदारी आहे. जुन्या लाल, पिवळ्या आणि केशरी रंगांत शिशाचे क्षार असण्याची शक्यता असते. असा रंग कोरडा घासून धूळ उडवू नये. पाण्याखाली घासावा, गाळ पुसून कागदात गुंडाळावा आणि ते कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत.

प्रश्न : लाल गाडी मॅट काळी किंवा लष्करी हिरवी करावी असा विचार आहे. आरटीओची परवानगी लागते का? — नागपूर

उत्तर : त्याच रंगात पुन्हा रंगवायला परवानगी लागत नाही. रंग बदलायचा असेल तर मात्र लागते, कारण गाडीचा रंग नोंदणी प्रमाणपत्रावर लिहिलेला असतो आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीचा तपशील नोंदीशी विसंगत होईल असा फेरबदल करता येत नाही. आधी आरटीओकडे अर्ज करावा, रंगकाम झाल्यावर गाडी दाखवून नोंद बदलून घ्यावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. गाडीवर कर्ज असेल तर बँकेलाही. लष्करी हिरव्याचा विचार मात्र सोडून द्या. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ प्रमाणे संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देण्यास मनाई आहे. मॅट काळ्याबद्दल एकच सांगतो : तो पॉलिश करता येत नाही, घासला की तेवढाच भाग चकचकीत होतो, त्यामुळे त्यावरच्या ओरखड्याला पूर्ण भाग पुन्हा रंगवण्यावाचून इलाज नसतो.

प्रश्न : जुलैमध्ये पाऊस उघडल्याचे पाहून बॉनेटवर काळा स्प्रे मारला. अर्ध्या तासात त्यावर पांढुरकी झाक आली, ती अजून तशीच आहे. पुसूनही जात नाही. — चिपळूण

उत्तर : पाऊस थांबला होता, हवेतला ओलावा थांबला नव्हता. द्रावक वेगाने उडताना पृष्ठभाग गार पडतो, आणि हवा दमट असेल तर त्यावर बाष्प जमून ते ओल्या रंगात अडकते. काळ्या रंगावर ते लगेच दिसते, पांढऱ्यावर तेच झाले असते तर तुम्हाला केवळ चमक कमी वाटली असती. झाक वरच्या थरापुरती असेल तर कोरड्या दिवशी २००० नंबरच्या पेपरने पाण्याखाली हलके घासून कंपाउंड मारल्यावर ती जाते. खोल गेली असेल तर ८०० नंबरने घासून आता, कोरड्या हवेत, एक-दोन विरळ हात पुन्हा द्या. कोकणात जून ते सप्टेंबर रंगाला हात लावू नये. हवेतील आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या खाली असणे इष्ट असते आणि त्या चार महिन्यांत ती तुमच्याकडे क्वचितच तिथे येते.

प्रश्न : ट्रक आणि टेम्पो ब्रशने ऑइल पेंट मारून रंगवतात आणि ते वर्षानुवर्षे चालते. मग कारला तेच का करू नये? डब्यांपेक्षा ते फार स्वस्त पडेल. — बेळगाव

उत्तर : स्वस्त पडेल हे खरे, आणि शेतावर राबणाऱ्या जीपला किंवा गाडीच्या खालच्या भागाला सिंथेटिक इनॅमल, म्हणजे तुम्ही म्हणता तो ऑइल पेंट, लावायला माझी हरकत नाही. कारच्या बाबतीत अडचण आज नाही, पुढे येते. हा रंग हवेतला प्राणवायू शोषून सावकाश घट्ट होतो आणि तीव्र थिनर लागले की अनेकदा फुगून सुरकुततो. उद्या तुम्ही किंवा गाडीचा पुढचा मालक त्यावर स्प्रेचा डबा वा पीयू रंग मारायला गेलात, तर खालचे इनॅमल उचलले जाऊ शकते, आणि मग पेंटर ते सगळे खरवडून काढण्याची मजुरी मागेल, जी रास्तच असेल. जुनी गाडी विकत घेतली असेल आणि तिच्यावर आधी काय मारले आहे हे माहीत नसेल, तर दरवाजाच्या आतल्या कडेवर थिनरने भिजवलेला बोळा अर्धा मिनिट दाबून धरा. काहीच झाले नाही तर खाली कारखान्याचा भाजलेला किंवा हार्डनरवाला रंग आहे, घासून त्यावर काम करता येईल. रंग बोळ्याला लागला तर तो साध्या डब्याचा किंवा जुन्या ड्युकोचा (द्रावक उडून वाळणाऱ्या सेल्युलोज रंगाचा) आहे. आणि फुगून सुरकुतला तर इनॅमल आहे. तो पत्र्यापर्यंत काढल्याखेरीज त्यावर स्प्रे मारू नका.